रिंकच्या दाराशी उभं राहायचं असेल तर

2024 च्या जानेवारीत गांगवॉनला हिवाळी युवा ऑलिम्पिक झालं, तेव्हा मी कोरियात शिकत होते. फिगर स्केटिंगच्या दिवसांत गांगनुंग आइस अरेनात मी स्वयंसेवक होते. काम साधंच होतं. खेळाडू कपडे बदलून येतात त्या कॉरिडॉरपासून बर्फाच्या दारापर्यंतची वाट मोकळी ठेवायची, आणि कुणाला काही लागलं तर योग्य माणसाला हाक मारायची. मला स्केटिंग येत नाही. पण या खेळाच्या जवळ राहून काम करावं असं ज्यांना वाटतं, त्यांना काय शिकून जावं हे आता मी सांगू शकते.

जाण्याआधी मी भलताच अभ्यास केला होता. कोण कुठल्या देशाचा, कुणाची आजवरची सर्वोत्तम गुणसंख्या किती, हे सगळं पाठ. त्यातलं काहीही दाराशी उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं असतं ते ब्लेड बघता येणं. फिगर स्केटच्या ब्लेडला तळाशी लांबच लांब खोलगट चर असते, त्यामुळे एकाच ब्लेडला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. अख्खा खेळ या दोन कडांवर चालतो. लुत्झ नावाची उडी मागे जाताना बाहेरच्या कडेवरून घेतात, फ्लिप नावाची आतल्या कडेवरून. दोन्हींत दुसऱ्या पायाच्या ब्लेडच्या टोकाचे दात बर्फात रोवून उडी घेतली जाते, म्हणून नवख्याला त्या सारख्याच दिसतात. खेळाडू लुत्झ घ्यायला निघाला आणि शेवटच्या क्षणी पाय आतल्या कडेवर कलंडला, तर तांत्रिक पॅनल, म्हणजे कोणती उडी कशी झाली ते ठरवणारी मंडळी, ते टिपतं आणि गुण कमी होतात. अ‍ॅक्सेल ओळखायला सगळ्यात सोपी, कारण ती एकटीच पुढे तोंड करून घेतात. म्हणूनच तिच्यात अर्धा फेरा जास्त असतो. हे पुस्तकातून कळत नाही. सरावाच्या वेळी दाराजवळ बसून फक्त पाय बघत राहिलात, तर तीन दिवसांत डोळा बसतो. अंतिम फेरीपेक्षा सराव बघा, हे मी प्रत्येकाला सांगते.

बर्फही बघायला शिका. याच अरेनात आधी शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे छोट्या गोल मार्गावरच्या वेगवान स्केटिंगच्या, शर्यती झाल्या होत्या. 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्येही हे दोन्ही खेळ इथेच झाले, काही दिवस तर एकाच दिवशी. शॉर्ट ट्रॅकला जास्त थंड, कडक बर्फ लागतो. फिगर स्केटिंगला थोडा मऊ हवा, नाहीतर ब्लेडचे दात नीट रुतत नाहीत आणि उतरताना सगळा धक्का गुडघ्यावर येतो. बर्फ सांभाळणारी माणसं तापमानाचे आकडे बघून रात्री काम करतात आणि टाळ्या दुसऱ्यांना मिळतात. मला वाटतं, या खेळातला सगळ्यात कमी ओळखला जाणारा व्यवसाय हा आहे, आणि शिकण्यासारखा आहे.

आता वाट बघण्याबद्दल, कारण दाराशी खरं काम तेच असतं. स्पर्धक गटागटाने बर्फावर येतात, एका गटात जास्तीत जास्त सहा. सहा मिनिटांचा वॉर्म-अप, मग पहिला खेळाडू बर्फावर थांबतो आणि बाकीचे बाहेर. स्पर्धेचे दोन भाग असतात: शॉर्ट प्रोग्रॅम 2 मिनिटं 40 सेकंदांचा, त्यात दहा सेकंद इकडेतिकडे. फ्री स्केटिंग साडेतीन मिनिटांचं. प्रत्येकाच्या कार्यक्रमानंतर गुण जाहीर होईपर्यंत पुढचा थांबतो. म्हणजे गटात सहावी असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अंग गरम करून बाहेर आल्यावर जवळजवळ अर्धा तास उभी असते. कुणी बूट सैल करून पुन्हा बांधतं. कुणी कानात गाणी घालून भिंतीकडे तोंड करून उड्यांचा नुसता आकार हाताने काढतं. तिचं नाव पुकारलं गेलं की 30 सेकंदांत तिला जागा घ्यावी लागते, नाहीतर गुण कापतात.

त्या अर्ध्या तासात आपण काय करायचं? काही नाही. हे सगळ्यात अवघड आहे. पहिल्या दिवशी एका मुलीला मी हसून "ऑल द बेस्ट" म्हटलं. तिने वळून बघितलं, मान हलवली आणि मग दोनदा श्वास घेऊन पुन्हा सुरुवातीपासून हात हलवायला लागली. तिची मोजणी मी मोडली होती. त्यानंतर मी बोलले नाही. पाणी, टिश्यू, ब्लेडवर चढवायचे गार्ड ठेवायला मोकळी जागा, एवढंच समोर ठेवायचं आणि नजर खाली. खेळाडू अल्पवयीन आहेत, त्यामुळे बाकीचे नियमही पक्के ठेवा: विचारल्याशिवाय फोटो नाही, खेळाडूबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, आणि कुणी दुखापत किंवा त्रास लपवतंय असं वाटलं तर ते आपल्यापाशी न ठेवता प्रमुखाला लगेच सांगायचं.

मुलग्यांच्या स्पर्धेने मला गुणपत्रक वाचायला लावलं. कोरियाचा किम ह्योन-ग्योम शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तिसरा होता. शेवटी दोन्ही भाग मिळून त्याचे 216.73 गुण आणि स्लोव्हाकियाच्या अ‍ॅडम हगाराचे 216.23. अर्ध्या गुणाचं सोनं. एका पडण्याला एक गुण कापतात, मग अर्धा म्हणजे किती कमी ते बघा. प्रत्येक घटकाची, म्हणजे उडी, गिरकी वगैरेची, मूळ किंमत ठरलेली असते, त्यावर पंच उणे पाच ते अधिक पाच देतात, आणि फ्री स्केटिंगच्या उत्तरार्धातल्या शेवटच्या तीन उड्यांची मूळ किंमत दहा टक्के वाढते. म्हणून थकलेल्या पायांनी शेवटाकडे उड्या ठेवण्याचा धोका पत्करतात. तपशीलवार गुणपत्रक जाहीर होतं. एका स्पर्धेचं घ्या, चित्रफीत लावा आणि ओळ न् ओळ जुळवा. हे एकदा मन लावून केलंत तर महिनाभराच्या वाचनापेक्षा जास्त कळेल.

पुढे यात काम करायचं असेल तर पंच होणं हा एकच रस्ता नाही. तांत्रिक तज्ज्ञाला बहुतेकदा स्वतः स्केटिंग केल्याचा पाया लागतो. पण डेटा ऑपरेटर पॅनलने पुकारलेला प्रत्येक घटक संगणकात भरतो, आणि रिप्ले ऑपरेटर शंकेच्या उडीचा क्षण कापून पुन्हा दाखवतो. इथे तीक्ष्ण नजर आणि शांत हात लागतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर जायचं तर रस्ता आपल्या देशाच्या संघटनेतूनच जातो, म्हणून सुरुवात जवळच्या क्लबच्या छोट्या स्पर्धेपासून करा. तिथे माणसं नेहमीच कमी असतात.

शेवटच्या दिवशी एक मुलगी गुण ऐकून आमच्या कॉरिडॉरमधून परत चालली होती. दोनदा पडली होती. मी नजर खाली ठेवली. माझ्या शेजारची कोरियन सहकारी मात्र हळूच "सुगोहॅस्सॉ" म्हणाली. मराठीत त्याचा अर्थ साधारण "खूप कष्ट केलेस गं" असा होतो. मुलगी कोरियन नव्हती, शब्द तिला कळला नसणार. पण ती थांबली, तिने गार्ड दुसऱ्या हातात घेतले आणि दोघींशी हात मिळवून पुढे गेली.