अपिलाची कोर्ट फी भरताना: आधी दाव्याची तारीख बघा

कोर्ट फी वाढणार अशी कुणकुण लागली की अपील करायचे असलेल्यांची धांदल उडते. पुष्कळदा ती विनाकारण असते. अपिलाला कोणता दर लागणार हे साधारणपणे मूळ दावा कधी दाखल झाला त्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मुंबई राज्याच्याच कोर्ट फीच्या प्रकरणात हे सांगितले आहे: दावा दाखल होताच अपिलाचा हक्क मिळतो, नंतरची फीवाढ त्याच्या आड येत नाही. दुरुस्ती कायद्यानेच ती जुन्या दाव्यांना लागू केली, तर गोष्ट वेगळी. म्हणून फीवाढीचा प्रस्तावित मसुदा हाती आला की दरांच्या तक्त्याआधी ‘कधीपासून, कशाला लागू’ हे कलम शोधा. २०१८ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. दावा त्याआधीचा आणि मोठ्या रकमेचा असेल, तर जुना दर लागतो हा मुद्दा अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, लिहूनच टाका.

निकाल लागला की त्याच दिवशी त्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. तयार नक्कल तुम्ही आठवडाभर उचललीच नाही, तर ते दिवस मात्र तुमच्या खाती. नकलेवरच्या शिक्क्यातल्या तारखा म्हणूनच नीट वाचा.

आता रक्कम. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण दाव्याचे मूल्यांकन जसेच्या तसे अपिलात उतरवले जाते. समजा, सुताच्या उधारीच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध ८ लाखांची डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) झाली आणि त्यातले ३ लाख तुम्हाला मान्य आहेत. मग अपील ५ लाखांपुरते करा, फीही ५ लाखांवरच. कोणता भाग मान्य नाही हे मेमोत स्पष्ट लिहावे लागते.

फी राज्य सरकारच्या ‘ग्रास’ संकेतस्थळावर चलनाने भरता येते. जिल्हा, कार्यालय आणि पक्षकाराचे नाव चुकले की परताव्यासाठी हेलपाटे आलेच. एकदा वापरलेले चलन पुन्हा चालत नाही.

पैसे कमी पडत असले तरी मुदत चुकवू नका. तुटपुंज्या फीसह अपील दाखल करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली वेळ मागा. कोर्टाने वेळ दिला आणि तेवढ्यात भरलीत, तर फी पहिल्या दिवशीच भरली असे धरतात. उशिरा दाखल केलेल्या अपिलाला मात्र आधी विलंबमाफी मिळवावी लागते, ती हमखास मिळतेच असे नाही. फी भरण्याची ऐपतच नसेल तर त्याच संहितेच्या आदेश ४४ खाली निर्धन म्हणून अपील करू देण्याचा अर्ज करावा.

उच्च न्यायालयात जायचे असेल तर सोलापूरकरांना आता मुंबई नाही, कोल्हापूर. मुंबई उच्च न्यायालयाचे तिथले सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.

पुढे प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली फी परत मागता येते. मूळ चलनाची प्रत तोवर जपून ठेवा.