जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मंद करताना या चुका टाळा

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा अडॅप्टरला जोडून, व्होल्टेज उतरवून मंद करणे हे फार मोठे काम नाही. तरीही त्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात आणि बहुतेक घाईपोटीच होतात.

वायरच्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवणे ही त्यांतली सर्वांत जुनी चूक. तीन वायरींच्या पंख्यात बहुधा लाल वायर 12 व्होल्टची आणि पिवळी वेग कळवणारी असते. चार वायरींच्या पंख्यात मात्र पिवळीच 12 व्होल्टची होते, वेग हिरवी कळवते आणि निळी वेगाच्या नियंत्रणाची असते. त्यात भर म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून येणारी लाल वायर 5 व्होल्टची असते. म्हणून काळ्या वायरपलीकडे मी रंगाला किंमत देत नाही. काळ्या वायरच्या कडेपासून कनेक्टरच्या पिना मोजाव्यात: पहिली ऋण, दुसरी 12 व्होल्ट, तिसरी वेगाची आणि असल्यास चौथी नियंत्रणाची. ज्यांनी उत्साहाच्या भरात कनेक्टर आधीच कापून टाकलेला असतो, त्यांनी ही खूणही घालवलेली असते. वेगाची वायर वापरायची नसल्यास तिचे टोक झाकून सोडून द्यावे.

पण माझा खरा राग दुसऱ्या चुकीवर आहे. फिरत्या पंख्याचा व्होल्टेज हळूहळू कमी करत नेऊन, आवाज थांबला की तोच आकडा कायम करण्याची सवय अनेकांना असते. फिरत असलेला पंखा कमी व्होल्टेजवरही फिरत राहतो; स्थिर पंख्याला सुटण्यासाठी मात्र त्याहून बराच जास्त व्होल्टेज लागतो. एका परिचितांनी अॅम्प्लिफायरच्या मागे असाच पंखा बसवला होता आणि तो किती शांत चालतो, हे ते प्रत्येकाला ऐकवत असत. एकदा वीज जाऊन परत आली, तेव्हा अॅम्प्लिफायर सुरू झाला, पंखा झाला नाही, आणि तो शांतच असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. अॅम्प्लिफायर तापून बंद पडल्यावर तो माझ्याकडे आला. पंख्याचे पाते दर काही सेकंदांनी किंचित हलून पुन्हा जागीच थांबत होते. दोष पंख्याचा नव्हता; व्होल्टेज थोडा वाढवताच तो निमूटपणे सुटला. तेव्हा व्होल्टेज ठरवताना पंखा प्रत्येक वेळी पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करून पाहावा, आडवा आणि उभा दोन्ही ठेवून पाहावा, आणि तो हमखास सुटतो त्या आकड्यावर एक व्होल्ट तरी अधिक ठेवावा.

व्होल्टेज उतरवण्यासाठी रेझिस्टर लावणारे ओहम मोजतात, वॅट मात्र विसरतात. 12 व्होल्टला 0.2 अँपिअर घेणारा पंखा 7 व्होल्टच्या आसपास साधारण 0.12 अँपिअर घेतो. उरलेले 5 व्होल्ट रेझिस्टरवर पडले, की तिथे 0.6 वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडतो. मी स्वतः रेझिस्टर टाळतो आणि छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे तयार सर्किट, वापरतो. त्याचा व्होल्टेज पंखा जोडण्यापूर्वीच मल्टिमीटरवर मोजून पक्का करून घेतो.

पॉवर सप्लायच्या 12 आणि 5 व्होल्टच्या वायरींमध्ये पंखा अडकवून 7 व्होल्ट मिळवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण मला ती मुळीच पसंत नाही. पंखा आतून शॉर्ट झाला, तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या लाइनवर चढतात आणि तिच्यावरच्या इतर वस्तूंनाही फटका बसतो.

धन-ऋण वायरी उलट जोडल्यास हा पंखा उलटा फिरत नाही; एक तर मुकाट राहतो किंवा जळतो. ट्रान्सफॉर्मरचा जुना जड अडॅप्टर 12 व्होल्टचा म्हणून लेबल दाखवत असला, तरी भार कमी असताना बराच जास्त व्होल्टेज देऊ शकतो, त्यामुळे मोजल्याशिवाय तो जोडू नये. चार वायरींच्या पंख्याची निळी वायर मोकळी सोडली, तर तो मिळेल त्या व्होल्टेजवर पूर्ण वेगाने फिरतो. त्यात बिघाड शोधत बसू नये. वेग कमी केल्यावरही घरघर राहिली, तर ती बेअरिंगची असते आणि व्होल्टेज आणखी उतरवून जात नाही.

शेवटी, हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी, सोल्डर करण्यापूर्वी वायरीत ओवावी. सांधा पक्का झाल्यावर ती टेबलावरच पडलेली दिसली, की लोक चिकटपट्टी गुंडाळून मोकळे होतात, आणि उष्णतेने डिंक सुटला की तीच पट्टी पात्यात अडकते.