चोच कापण्याआधी शेडकडे बघा

तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्यांच्या, शेडमध्ये एकीच्या शेपटीमागे रक्त दिसलं, की पहिलं काम ती उचलून वेगळी ठेवण्याचं. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. उशीर झाला तर आतडी बाहेर काढतात. जखमेवर हळद आणि कडुनिंबाचं तेल लावा, ती सुकेपर्यंत परत सोडू नका.

मग कारण शोधा. गर्दी, उकाडा, तिरपं आत येणारं कडक ऊन, रिकामी राहणारी खाद्याची भांडी, खाद्यात मीठ किंवा मिथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी. बहुतेकदा यातलंच काहीतरी निघतं. उन्हाच्या बाजूला गोणपाट बांधा. मेथीघासाची जुडी पक्ष्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगा. उड्या मारून पानं तोडण्यात त्यांचा वेळ जातो. माझा सगळ्यात जास्त भरवसा या जुडीवरच.

अंड्यांच्या मोठ्या कळपात ही टोचाटोची टाळायला चोच कापायचीच असेल, तर 7 ते 10 दिवसांच्या वयात, सराईत माणसाकडून, थंड वेळी. नाकपुडीपासून निदान 2 मिलिमीटर चोच राहिली पाहिजे. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस पाण्यातून व्हिटॅमिन के द्या. त्याच दिवशी लसीकरण नको. पुढचा आठवडाभर भांड्यात खाद्याचा थर जाड ठेवा, नाहीतर दुखरी चोच तळाला आपटते आणि पिल्लू खाणंच सोडतं.

ब्रॉयलर 40-45 दिवसांत विकले जातात, त्यांना याची गरज नाही. आणि परसातल्या गावठी कोंबडीची चोच कापली, तर ती उकिरड्यावर किडे टिपणार कशानं?