आतड्याचा कॅन्सर आणि ‘सूज’: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

ऑपरेशनला तीन दिवस झालेले असतात. मुलगा मोबाइलवर रिपोर्ट उघडून समोर धरतो: सीआरपी (शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) 140, शेजारी लाल बाण. “डॉक्टर, बाबांचा कॅन्सर पसरला का हो?” पॅथॉलॉजी लॅबमध्ये हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. विचारणाऱ्याचा चेहरा इतका उतरलेला असतो, की यावर नीट लिहायलाच हवं.

सीआरपीला कॅन्सरची टेस्ट समजणं. सीआरपी गाठ बनवत नाही, यकृत बनवतं. कुठेही जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की प्रतिकार पेशी इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप रक्तात सोडतात. तो यकृतापर्यंत पोहोचला की सीआरपी वाढतं. आतडं कापून जोडणं ही मोठी जखमच, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा सर्वांत वर जातो आणि मग उतरू लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो उतरला नाही, तर सर्जन जोडातून गळती होत नाही ना हे तपासतात. त्या काळजीचा कॅन्सर पसरण्याशी संबंध नाही.

पुढचा अंदाज बांधायला उपयोगी पडतो तो उपचारांआधीचा आकडा, आणि तोही अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनासोबत. ग्लासगोच्या डॉक्टरांनी यासाठी साधी गुणपद्धत बसवली. सीआरपी 10 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर 0 गुण, त्याहून जास्त असेल तर 1, आणि त्याबरोबर अल्ब्युमिनही 35 ग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर 2. गुण जितके जास्त, तितकं भवितव्य अवघड. पण दाढ सुजली असेल, ताप असेल, तर हा हिशेब फसतो.

इथेच आणखी एक चूक होते, एकक न बघण्याची. एक लॅब सीआरपी ‘प्रति लिटर’ देते, दुसरी ‘प्रति डेसिलिटर’. 1.2 आणि 12 हे एकच मूल्य असू शकतं. त्यावरून आजार दहापट वाढला म्हणून रात्रभर जागलेली माणसं मी पाहिली आहेत.

सगळी सूज वाईट, असं धरून चालणं. माझ्या मते हा सर्वांत मोठा गैरसमज. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली की गाठीच्या वेड्यावाकड्या ग्रंथी गुलाबी-जांभळ्या दिसतात. काही रुग्णांत त्यांच्या कडेला बारीक गर्द निळ्या ठिपक्यांची दाटी असते. त्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार पेशी, आणि ती दाटी पाहून मला बरं वाटतं. पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं, की गाठीच्या मध्यात आणि कडेला टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) भरपूर असतील तर कॅन्सर उलटण्याची शक्यता कमी असते.

घातक असते ती रेंगाळणारी सूज. तिथे इंटरल्युकिन-6 आणि टीएनएफ हे निरोप थांबतच नाहीत. त्यांच्यामुळे गाठीच्या पेशींतली स्टॅट-3 आणि एनएफ-कप्पा-बी ही बटणं चालूच राहतात. पेशी मरायचं टाळतात, वाढत राहतात, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. दुसरीकडे रुग्णाचे स्नायू झिजतात, भूक मरते. म्हणजे गाठीत शिरलेल्या टी-पेशी आपल्या बाजूच्या, आणि रक्तभर पसरलेली सूज गाठीच्या बाजूची. “इम्युनिटी वाढवा” म्हणणारी पावडर हा फरक करू शकत नाही.

एमएमआर तपासणी न विचारणं. सुमारे 15 टक्के गाठींत डीएनए दुरुस्तीची ही यंत्रणा बिघडलेली असते. चुका साचून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि टी-पेशी ती ओळखतात. पसरलेल्या आजारात असं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपासच, पण त्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकार पेशींना गाठीवर सोडणाऱ्या औषधांचा, फार फायदा होतो. अशा रुग्णांवरच्या 2020 च्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने आजार रोखण्याचा मध्यक (मीडियन) काळ 16.5 महिने होता, केमोने 8.2. उरलेल्यांना हे औषध एकटं सहसा लागू पडत नाही, म्हणून उधार-उसनवार करून ते आणण्याआधी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एमएमआर काय आहे ते बघा.

हळदीच्या कॅप्सूल आणि ॲस्पिरिन मनाने सुरू करणं. भाजी-आमटीतली हळद चालू द्या. मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलने मात्र यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि केमोच्या काळात तेच यकृत जपायचं असतं. ॲस्पिरिनने, गाठीतल्या पीआयके3 या पेशीवाढीच्या मार्गात जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झाल्याचं 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ते सगळ्यांना लागू नाही आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा आधी ऑन्कोलॉजिस्टला विचारा.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) शांत झाला म्हणून गोळ्या आणि दुर्बिणीची तपासणी दोन्ही सोडणं. रक्त पडायचं थांबलं तरी आतड्याच्या अस्तरात सूज धुमसत असू शकते, आणि कॅन्सरची वाट तिथूनच जाते. म्हणून साधारण आठ वर्षांनी कोलोनोस्कोपीने पाळत सुरू करतात. सोबत स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा पित्तनलिकांना सूज आणणारा आजार असेल, तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी. ही आठ वर्षं निदानाच्या तारखेपासून मोजायची नसतात, पहिल्या त्रासापासून मोजायची. शौचात पहिल्यांदा रक्त कोणत्या साली दिसलं, ते घरच्यांना विचारून, जुनी फाइल काढून एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीला तो कागद सोबत न्या.