सिएटलकडच्या लाकडी घरात मुंगळे दिसले तर

अमेरिकेत सिएटल किंवा त्याच्या शेजारच्या बेलव्ह्यू, रेडमंडकडे घर घेतलंत, तर हे आधी ध्यानात घ्या: बाहेरून भिंत कशीही दिसो, आत बहुधा लाकडी सांगाडाच असतो. घरात फिरणारे मोठे काळे मुंगळे, म्हणजे इथले कार्पेंटर अँट, तो सांगाडा पोखरतात. वाळवीसारखं लाकूड ते खात नाहीत. पोखरून भुसा बाहेर टाकतात, आणि त्या भुशात मेलेल्या किड्यांचे तुकडे असतात. खिडकीखाली किंवा बेसबोर्डपाशी (भिंतीच्या तळाच्या पट्टीपाशी) असा ढीग दिसला, की वारूळ जवळच समजा. पंखवाले किडे दिसले तर कंबर बघा: मुंगळ्याची बारीक असते, वाळवीची सरळ जाड.

दिसला मुंगळा की मार स्प्रे, हे मात्र करू नका. स्प्रेने वाटेवरचे कामकरी मरतात, राणीला धक्काही लागत नाही. ती बहुतेकदा बाहेर असते, कुजक्या खोडात किंवा जमिनीत राहिलेल्या बुंध्यात. अंड्यांना ओल लागते म्हणून. मोठ्या झालेल्या अळ्या आणि कोष तेवढे घरातल्या कोरड्या लाकडात, इन्सुलेशनमध्ये हलवतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणं शोधावी लागतात. उन्हाळ्यात अंधार पडल्यावर टॉर्चला लाल कागद लावून त्यांच्या रांगेमागे जा. कुंपण, केबल, छपराला टेकलेली फांदी या त्यांच्या नेहमीच्या वाटा.

त्या वाटेवर जेल बेट, म्हणजे जेलीसारखं विषारी आमिष ठेवा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं. बेट सावकाश मारणारंच हवं. घरी बोरिक अॅसिड साखरपाण्यात कालवणारे ते जास्त घालतात. मग मुंगळा वारुळात पोचायच्या आतच मरतो. 1 टक्का पुरे. बेटाजवळ स्प्रे मारलात तर ते त्याला तोंडही लावणार नाहीत. भारतातून आणलेला मुंग्यांचा खडू इथे वापरू नका. नोंदणी नसलेलं कीटकनाशक इथे बेकायदा आहे.

पण ओल राहिली तर मुंगळे परत येतात, म्हणून खरा खर्च आणि वेळ तिथे घाला. मॉइश्चर मीटर आणा, लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा आला की गळती शोधा: तुंबलेली पन्हळ, डेक भिंतीला जोडलेली जागा, टबाच्या कडेचा फाटलेला सीलंट. क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, जमिनीवर 6 मिलचा (1 मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काळा प्लास्टिक कागद पूर्ण अंथरा. माती आणि लाकूड यांत किमान 6 इंच अंतर ठेवा, सरपण घरापासून 20 फूट लांब.

भाड्याच्या घरात असाल तर भुशाचा फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा.