होस्ट सिस्टिम नव्याने बसवल्यानंतर व्हर्च्युअल मशीन बूट होत नसेल तर

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले यंत्र; ते चालवणारा खरा संगणक म्हणजे होस्ट आणि त्या यंत्रात चालणारी सिस्टिम म्हणजे गेस्ट. होस्टची ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नव्याने बसवल्यावर जपून ठेवलेली डिस्क फाइल नव्या व्हर्च्युअल मशीनला जोडली आणि बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, की पहिला संशय ती फाइल खराब झाल्याचा येतो. हा संशय क्वचितच खरा ठरतो. डिस्क फाइलमध्ये केवळ डिस्कवरील माहिती असते. मशीनचे फर्मवेअर (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारे सॉफ्टवेअर) कोणते होते, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर (डिस्क यंत्राला जोडणाऱ्या भागावर) होती, नेटवर्क कोणत्या अडॅप्टरशी बांधलेले होते, या नोंदी वेगळ्या संरचना फाइलमध्ये राहतात आणि पुनर्स्थापनेत बहुधा त्याच गमावलेल्या असतात. म्हणून डिस्कच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तिच्याभोवतीचे जुने यंत्र जसेच्या तसे उभे करावे.

त्याआधी डिस्क फाइलची प्रत काढून ती बाजूला ठेवावी आणि पुढील सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या एखाद्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेतलेले असतील तर ही खबरदारी अनिवार्य आहे. स्नॅपशॉटनंतरचे बदल सामान्यतः मूळ डिस्कमध्ये नसून वेगळ्या फरक-फाइलींमध्ये साठतात. मूळ फाइल एकटीच जोडून मशीन सुरू केले, तर जुनी अवस्था दिसते, आणि त्या अवस्थेत काही लिहिले गेले की फरक-फाइलींचा मूळ फाइलशी असलेला मेळ बिघडतो. त्यामुळे डिस्क फाइलसोबत तिचे संपूर्ण फोल्डर परत आणावे. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअरे संरचना फाइल सामान्यतः त्याच फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणून नवे मशीन तयार न करता जुनी संरचना फाइल उघडून मशीनची नोंदणी केली की अनेकदा काम तेथेच संपते. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टची एक्सएमएल संरचना फाइल मात्र होस्टच्या ईटीसी निर्देशिकेत असल्यामुळे रूट विभाजन पुसताना ती नाहीशी होते आणि ते मशीन नव्याने वर्णन करावे लागते.

यानंतर अडथळा नेमका कोठे आहे ते पाहावे. गेस्टचा पडदा उघडण्यापूर्वीच त्रुटीचा संदेश येत असेल, तर दोष होस्टकडे आहे. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा फर्मवेअरमध्ये चालू आहे का, हे तपासावे. लिनक्स होस्टवर कधी व्हर्च्युअलबॉक्सचे कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडला जाणारा भाग) चालू कर्नलसाठी तयार झालेले नसते, किंवा सिक्युअर बूट (केवळ मान्य स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सुविधा) चालू असताना त्यावर मान्य स्वाक्षरी नसल्यामुळे कर्नल ते नाकारतो. फाइलींची मालकी जुन्या वापरकर्ता क्रमांकावर राहिलेली असणे आणि ब्रिज केलेल्या, म्हणजे गेस्टला थेट नेटवर्कशी जोडणाऱ्या, कार्डाचे नाव बदललेले असणे, हीही नेहमीची कारणे आहेत. मशीन पूर्वी स्थगित करून ठेवलेले असेल, तर जतन केलेली अवस्था टाकून देऊन थंड सुरुवात करावी. त्यात न साठवलेले काम जाते, परंतु डिस्कवरील मजकूर राहतो. विंडोज होस्टवर हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन सुविधा चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली कासवाचे चिन्ह दिसते आणि मशीन मंद चालते; ते मंदपणाचे लक्षण आहे, डिस्क नादुरुस्त असल्याचे नव्हे.

गेस्टचा पडदा उघडून बूट तेथे अडकत असेल, तर सर्वांत आधी फर्मवेअर तपासावे, कारण माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. फर्मवेअर दोन प्रकारचे असते, जुने बायोस आणि नवे यूईएफआय; बायोसवर स्थापित केलेली सिस्टिम यूईएफआय मशीनमध्ये उठत नाही, आणि उलटही तसेच. कोणत्याही लिनक्सची लाइव्ह आयएसओ (स्थापनेशिवाय चालणारी डिस्क-प्रतिमा) जोडून विभाजने पाहावीत: जीपीटी तक्ता (विभाजनांची नव्या पद्धतीची यादी) आणि फॅट स्वरूपाचे छोटे ईएफआय विभाजन दिसले, तर जुने मशीन बहुधा यूईएफआयचे होते. हायपर-व्हीमध्ये पहिली पिढी बायोसची व दुसरी यूईएफआयची असते आणि मशीन तयार झाल्यावर ती बदलता येत नाही. त्यामुळे योग्य पिढीचे नवे मशीनच तयार करावे.

फर्मवेअर जुळूनही यूईएफआय मशीन रिकाम्या शेलमध्ये थांबत असेल, तर त्याच्या एनव्हीरॅममधील (फर्मवेअरच्या कायमस्वरूपी स्मृतीतील) बूट नोंद बहुधा हरवलेली असते. ही नोंद डिस्कमध्ये नसते. फर्मवेअर तेव्हा ईएफआय विभाजनातील ठरावीक पर्यायी मार्गावर लोडर (सिस्टिम सुरू करणारी फाइल) शोधते, पण सर्वच गेस्ट तेथे तो ठेवत नाहीत. अशा वेळी फर्मवेअरच्या मेनूतून लोडरची फाइल हाताने निवडून गेस्ट सुरू करावा आणि आत गेल्यावर, लिनक्स असल्यास ग्रब हा त्याचा लोडर पुन्हा स्थापित करून, विंडोज असल्यास बीसीडीबूट ही आज्ञा चालवून, नोंद कायम करावी.

विंडोज गेस्ट सुरू होताना ०x७बी क्रमांकाच्या निळ्या पडद्यावर थांबला, तर कंट्रोलर बदललेला असण्याची शक्यता मोठी असते. नव्या मशीनने अनेकदा डिस्क साटा या नेहमीच्या कंट्रोलरऐवजी व्हर्टआयओ या खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या कंट्रोलरवर ठेवलेली असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. डिस्क जुन्या कंट्रोलरवर परत न्यावी. व्हर्टआयओ हवेच असेल, तर एक छोटी दुसरी डिस्क त्यावर जोडून ड्रायव्हर स्थापित करावा आणि मगच मूळ डिस्क हलवावी. लिनक्स गेस्ट याच कारणाने इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टिमच्या) आपत्कालीन शेलमध्ये पोहोचतो. तेथे एफएसटॅबमध्ये (कोणते विभाजन कोठे जोडायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूयूआयडीऐवजी, म्हणजे विभाजनाच्या अद्वितीय क्रमांकाऐवजी, उपकरणाचे नाव लिहिलेले आहे का, हेही पाहावे.

क्यूकाऊ२ (क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरच्या स्वरूपातील) डिस्क दुसऱ्या पायाभूत फाइलवर आधारलेली असू शकते आणि तिच्यात त्या फाइलचा जुना मार्ग नोंदलेला असतो. क्यूईएमयूच्या इमेज साधनाने माहिती काढली, की ही साखळी दिसते. पायाभूत फाइल त्याच मार्गावर ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. व्हर्च्युअल टीपीएमची (कूटबद्धतेच्या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपच्या नकलेची) साठवण गेलेली असेल, तर विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारा बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती की मागतो आणि ती नसल्यास येथे दुसरा मार्ग नाही.

हे सर्व जुळवूनही मशीन उठत नसेल, तेव्हाच डिस्क फाइलची तपासणी आणि दुरुस्ती प्रतीवर करावी. तीही निष्फळ ठरल्यास ती डिस्क दुसऱ्या चालू मशीनला अतिरिक्त डिस्क म्हणून, केवळ वाचनासाठी जोडून आवश्यक फाइली काढून घ्याव्यात.