चिचेन इत्झाची एक दिवसाची सहल: या चुका टाळा

मेक्सिकोतल्या कान्कूनमध्ये कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत चिचेन इत्झाच्या, म्हणजे प्राचीन माया शहराच्या अवशेषांच्या, सहलींची पत्रकं ठेवलेली असतात. सगळ्यांवर तोच पायऱ्यांचा पिरॅमिड, तेच निळंशार पाणी. दर मात्र एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट. एवढा फरक कशामुळे, हे पत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि पहिली चूक तिथेच होते. अशी सहल सहज बारा तासांची असते, पण प्रत्यक्ष अवशेषांपाशी किती वेळ मिळणार, तो सकाळचा की भर दुपारचा, हे प्रत्येक सहलीत वेगळं असतं. माझ्या मते सहल निवडताना बघायची गोष्ट ही एकच. जेवण, वातानुकूलित बस, फुकट वायफाय हे सगळं नंतरचं.

स्वस्त सहल आणि भर दुपारचं ऊन

कान्कून ते चिचेन इत्झा हे अंतर साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे बसने अडीच तास. स्वस्त सहलीत ते असं कापलं जातं: सकाळी सातला एक छोटी गाडी तुम्हाला हॉटेलवरून उचलते आणि आणखी पाच-सहा हॉटेलं फिरते. मग सगळ्यांना एका मैदानात उतरवून मोठ्या बसमध्ये बसवतात. वाटेत ‘माया गावा’च्या नावाखाली एका मोठ्या दुकानात पाऊण तास थांबा. तिथे चांदीचे दागिने, काळ्या काचदगडाच्या मूर्ती, तकीलाची चव. मग सेनोते, म्हणजे चुनखडीतली नैसर्गिक विहीर, मग बुफे. पिरॅमिडपाशी पोहोचेपर्यंत दुपारचा दीड वाजलेला असतो. मुख्य चौकात सावलीला झाड नाही, एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशी गाठतं आणि एव्हाना कान्कूनच्या सगळ्या बसगाड्या तिथे येऊन पोहोचलेल्या असतात. दीड-दोन तासांत गाईडचं बोलणं, फोटो, स्वच्छतागृहाची रांग हे सगळं उरकायचं. परत येताना वायादोलिद गावात वीस मिनिटं.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. आधी कुठे नेणार, अवशेषांकडे की दुकानात? आत एकूण किती वेळ, आणि त्यातला मोकळा किती? तिकीट दरात धरलंय का?

तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर घ्या. चिचेन इत्झाचं प्रवेशशुल्क दोन भागांत असतं. एक भाग केंद्राच्या ‘इनाह’ या संस्थेचा, म्हणजे आपल्या पुरातत्त्व खात्यासारखी तिथली यंत्रणा, आणि दुसरा युकातान राज्याचा. परदेशी माणसाला राज्याचा भागच जास्त पडतो. जाहिरातीत ‘प्रवेश समाविष्ट’ लिहिलेलं असतं आणि बस निघाल्यावर ‘राज्याचा कर वेगळा’ म्हणून माणशी रोख रक्कम मागितली जाते. चौघांच्या कुटुंबाला हा चांगलाच भुर्दंड. ‘दोन्ही शुल्कं धरून किती?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल.

अवशेष सकाळी आठला उघडतात. उघडताना आत पोहोचवणारी सहल थोडी महाग असते, पण जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते यासाठी मोजा. सकाळी साडेआठला त्या चौकात ऊन तिरपं असतं, विक्रेते अजून दुकानं मांडत असतात आणि गाईडचा आवाज न ताणता ऐकू येतो. जमलं तर रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना केंद्राचं शुल्क माफ असतं, त्यामुळे गर्दी जास्त.

घड्याळाचा घोळ

कान्कून, तुलुम, प्लाया देल कार्मेन ही ठिकाणं किंताना रो राज्यात येतात, चिचेन इत्झा युकातान राज्यात. किंताना रोचं घड्याळ एक तास पुढे असतं. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक भागांत उन्हाळी वेळ रद्द केल्यापासून हा फरक बाराही महिने तसाच राहतो.

जाताना हा तास तुमच्या फायद्याचा. कान्कूनहून साडेसहाला थेट निघालात तर तिथल्या घड्याळात आठच वाजलेले असतात. गोंधळ होतो तो बसपाशी परतताना. गाईड म्हणतो, ‘साडेअकराला फाटकाशी या.’ कुणाच्या फोनने नेटवर्क मिळताच वेळ बदललेली असते, कुणाचा फोन विमान मोडवर असल्याने कान्कूनच्याच वेळेवर असतो, मनगटी घड्याळाचं तर विचारूच नका. काही गाईड दिवसभर कान्कूनचीच वेळ धरतात. म्हणून त्याच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावून बघा, आणि बसचा क्रमांक व उभी केलेली जागा यांचा फोटो काढून ठेवा. वाहनतळावर एकसारख्या पांढऱ्या बस ओळीने उभ्या असतात.

क्रूझवरून येणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. जहाज कोसुमेल बेटावर लागत असेल तर आधी फेरीबोट, मग दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि तेवढंच परत. त्या दिवशी चिचेन इत्झाचा हट्ट सोडा, तुलुमचे माया अवशेष पाहा. जहाज युकातानमधल्या प्रोग्रेसो बंदराला लागणार असेल तर जमतं, पण सहल जहाजामार्फतच घ्या. परतायला उशीर झाला तर जहाज आपल्या सहलीच्या बससाठी थांबतं, बाहेरून घेतलेल्या टॅक्सीसाठी नाही.

पिरॅमिडवर चढायला मिळेल या आशेने जाणं

मिळत नाही. 2006 मध्ये एक वृद्ध पर्यटक महिला पायऱ्यांवरून पडून दगावली आणि त्यानंतर चढणं बंद झालं. जुने फोटो पाहून आलेली माणसं दोरीपाशी उभं राहून हिरमुसतात. चढायचंच असेल तर वायादोलिदच्या उत्तरेला ‘एक बालाम’ नावाचे माया अवशेष आहेत. तिथल्या उंच इमारतीवर चढू देत आलेत, तरी निघण्याआधी सद्यस्थिती विचारून घ्या.

पण चिचेन इत्झाचा पिरॅमिड, म्हणजे एल कास्तियो, खालूनही मनसोक्त बघण्यासारखा आहे. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्यावरच्या देवळाची एक, अशा 365. सौरवर्षाचे दिवस दगडात मांडलेले. आत एक जुना पिरॅमिड आहे, तो 1930 च्या दशकात उत्खननात सापडला. त्यात लाल रंगाचं, जेडचे ठिपके जडवलेलं जग्वारच्या आकाराचं आसन निघालं. ते आता बघायला मिळत नाही, पण आपण ज्यासमोर उभे आहोत त्याच्या पोटात आणखी एक देऊळ आहे हे ठाऊक असलं की बघण्यात फरक पडतो.

उत्तरेच्या जिन्यासमोर, तळाशी सापाची दोन प्रचंड मुंडकी आहेत तिथून थोडं मागे येऊन, एकदा जोरात टाळी वाजवा. पायऱ्यांवरून परत येणारा आवाज टाळीचा राहत नाही. वरून खाली घसरत जाणारी, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखी शीळ ऐकू येते. प्रत्येक पायरीवरून प्रतिध्वनी किंचित उशिरा परततो, म्हणून असं होतं. ती केत्साल पक्ष्याच्या आवाजासारखी लागते असं अभ्यासकांनी दाखवलंय. बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम साधली का, यावर मात्र एकमत नाही. भर गर्दीत पन्नास माणसं एकदम टाळ्या पिटत असतात, तेव्हा काहीच कळत नाही. सकाळी लवकर जाण्याचं हे आणखी एक कारण.

विषुवदिनाची गोष्टही ऐकलेली असते. 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास दुपारी उतरत्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण पडतात आणि कुकुल्कान हा सर्पदेव खाली उतरतोय असं दिसतं. पण नेमक्या त्या दिवशी हजारो माणसं लोटतात, आणि बऱ्याच सहलींच्या बस त्या वेळेआधीच परत निघतात. दोन-चार दिवस मागेपुढे गेलात तरी ही आकृती बऱ्यापैकी दिसते. त्यासाठी दुपारी थांबणारी सहल मात्र हवी.

मोकळा वेळ बाजारात घालवणं

गाईडचा फेरा तासाभरात संपतो, मग चाळीस-पन्नास मिनिटं तुमची. बहुतेकांचा हा वेळ दुतर्फा मांडलेल्या दुकानांत जातो. लाकडी मुखवटे, भरतकामाचे ब्लाउज, जग्वारची डरकाळी काढणाऱ्या मातीच्या शिट्ट्या. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण निघताना.

आधी चेंडूचं मैदान नीट पाहा. 168 मीटर लांब आणि सुमारे 70 मीटर रुंद, मध्य अमेरिकेतल्या प्राचीन मैदानांत सर्वांत मोठं. भिंतींवर उंच दगडी कडी आहेत, त्यांकडे सगळे बघतात. खालच्या तिरप्या कट्ट्यावरची शिल्पं मात्र पटकन नजरेत येत नाहीत. वाकून बघा: मधोमध गुडघा टेकलेला खेळाडू, त्याचं शिर छाटलेलं, आणि मानेतून उसळणाऱ्या रक्ताच्या धारांचे साप झालेले. समोरच्या माणसाच्या हातात तेच शिर. मग दक्षिणेला चालत एल काराकोलकडे जा, घुमटासारखी गोल वेधशाळा. तिच्या खिडक्यांतून शुक्राच्या उदयास्ताच्या दिशा साधतात. बरेचसे गट इथपर्यंत येतच नाहीत, म्हणून इथे निवांतपणा मिळतो. उत्तरेकडचा पवित्र सेनोते आणि काराकोल यांतलं एकच जमणार असेल तर मी काराकोल निवडेन.

गाईडचं सगळं खरं मानणं, किंवा काहीच न ऐकणं

मान्यताप्राप्त गाईडच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र असतं. चांगला गाईड भेटला तर सहलीचं सोनं होतं. पण काही जण रक्तपाताच्या कथाच रंगवून सांगतात: जिंकणाऱ्या कप्तानाचा बळी देत, तोच त्याचा सन्मान, वगैरे. शिल्पात शिरच्छेद आहे हे खरं. तो जिंकलेल्याचा की हरलेल्याचा, हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. अशा वेळी ‘हे कशावरून कळतं?’ एवढंच विचारा. जाणकार गाईडला हा प्रश्न आवडतो.

‘माया लोक नाहीसे झाले’ हे वाक्य तर मनातून काढूनच जा. शहरं ओस पडली, माणसं नाही. 2020 च्या जनगणनेत मेक्सिकोत युकातेक माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास होते. तुमचा गाईड, बसचा चालक, शिट्ट्या विकणारी बाई, यांच्यातल्या अनेकांची घरची भाषा तीच. आपल्या पूर्वजांच्या कामाबद्दल तुम्ही ‘हे परग्रहवासीयांनी बांधलं का?’ असं त्यांना विचारलंत, तर ते हसून वेळ मारून नेतील, पण त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा.

शाकाहारी असल्याचं ऐनवेळी सांगणं

युकातानचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कोचिनिता पिबिल, डुकराचं मांस. बुफेत भात, बीन्स, टॉर्टिया असतात म्हणून शाकाहारी माणूस निश्चिंत होतो; पण बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं की लाल मांस वगळतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ म्हणा: मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. आरक्षण करतानाच कळवा, आणि आई-बाबा सोबत असतील तर ठेपले-दशम्या घ्याच. हाबानेरो या जहाल मिरचीची चटणी चमच्याने वाढून घेऊ नका. आपल्या लवंगी मिरचीला सरावलेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं.

सेनोतेची तयारी नसणं

अवशेषांतल्या पवित्र सेनोतेत पोहता येत नाही. पोहणं होतं ते बहुधा जवळच्या इक किलला. पाणी जमिनीपासून सुमारे 26 मीटर खाली, ओल्या दगडी पायऱ्या, आणि खोली चांगलीच. जीवरक्षक जॅकेट घालावंच लागतं. उतरण्याआधी शॉवर सक्तीचा, कारण सनस्क्रीन आणि डासांचं मलम पाण्यात जाऊ द्यायचं नसतं. म्हणून उन्हासाठी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा घ्या. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरच्या कठड्यावरूनच बघावं, तिथूनही सुंदर दिसतं.

कागदपत्रं

अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टातला शिक्का मात्र मुदतीत हवा. एच-1बीची मुदतवाढ मंजूर आहे पण शिक्का संपलाय, अशी मंडळी विमानतळावरच अडकतात. निघण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. ड्रोन घेऊन जाऊ नका, तिपाईही परवानगीशिवाय चालत नाही.

ऐनवेळी बिनसलं तर

ठरल्या वेळेनंतर वीस मिनिटांतही गाडी आली नाही, तर आधी भेटण्याची जागा तपासा. मोठ्या हॉटेलांना दोन-तीन दारं असतात आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. मग पावतीवरच्या क्रमांकावर संदेश पाठवा, म्हणजे परताव्यासाठी वेळेची नोंद राहते.

बसमध्ये जास्तीचे पैसे मागितले तर वाद न घालता तो लेखी संदेश दाखवा. द्यावेच लागले तर पेसोत द्या आणि पावती घ्या. डॉलरचा दर बसमध्ये नेहमीच तुमच्या विरोधात असतो.

गाईड दोन भाषांत आलटून-पालटून बोलत असेल आणि काही ऐकू येत नसेल, तर गटासोबत रेंगाळू नका. परतीची वेळ पक्की करून घ्या आणि स्वतः फिरा.

कुणाला गरगरलं, घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं तर ‘एवढं बघून जाऊ’ म्हणू नका. चौकाच्या कडेच्या झाडीत सावलीला बसवा, मानेवर ओला रुमाल ठेवा, शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी आणि ओआरएस द्या, आणि गाईडला लगेच बोलवा. दोन-तीन पुड्या भारतातून नेल्या तर उत्तमच. माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर 911 लावा, मेक्सिकोतही आणीबाणीचा क्रमांक तोच आहे.

बस चुकलीच तर फाटकाशी थांबून आधी गाईडला फोन करा. ती गेलीच असेल तर वायादोलिदपर्यंत टॅक्सी मिळते, आणि तिथून कान्कूनला बस आहेत. परतताना घड्याळ पुन्हा एक तास पुढे जातं, हे धरून त्या संध्याकाळचं विमान मात्र ठेवू नका.